संगणक-कक्षातली तीस सेकंदे

तुमच्या शाळेत संगणक-कक्ष असेल, तर पुढची गोष्ट तुमच्या नजरेस आली असेलच. वीज जाते आणि परत येते. हल्लीचे संगणक दहा-पंधरा सेकंदांत तयार होतात, पडदा उजळतो, पण जाळ्याची जोडणी काही लागत नाही. वायर नीट खोचलेली असते. कोपऱ्यातल्या पेटीवर तुमच्या वायरीजवळचा बारीक दिवा मात्र नारिंगी असतो. अर्धे मिनिट जाते, दिवा हिरवा होतो आणि मग जोडणी मिळते. काही वेळा तर दिवा हिरवा होऊनही मिळत नाही, आणि संगणक पुन्हा सुरू करावा लागतो.

एरवी या अर्ध्या मिनिटाचे कुणाला काही वाटत नाही. पण बारामतीच्या किंवा इंदापूरच्या एखाद्या कक्षात चाळीस विद्यार्थी ऑनलाइन परीक्षेला बसले आहेत, घड्याळ चालू आहे आणि वीज येऊन-जाऊन आहे, अशी कल्पना करा. मग हेच अर्धे मिनिट फार मोठे वाटू लागते.

आता थोडे गणित करू. तांब्याच्या वायरीतून किंवा काचेच्या तंतूतून संकेत साधारणपणे सेकंदाला दोन लाख किलोमीटर या वेगाने जातो. बारामती ते इंदापूर हे अंतर सुमारे ५० किलोमीटर. ते तोडायला संकेताला सेकंदाचा चार हजारावा भाग पुरतो. तीस सेकंदांत तोच संकेत साठ लाख किलोमीटर जाईल. म्हणजे पृथ्वीपासून चंद्रापर्यंतचे अंतर पंधरा वेळा तोडून होईल! मग दहा फुटांवरच्या पेटीपर्यंत पोचायला त्याला तीस सेकंदे का लागावीत?

याचे उत्तर असे, की संकेत पोचलेला असतो, पण पेटी मुद्दाम दार लावून बसलेली असते. ती तसे का करते, तिला लवकर दार उघडायला कसे सांगता येते, आणि कोणत्या दाराच्या बाबतीत तसे सांगणे धोक्याचे असते, हे आपण या लेखात पाहणार आहोत.

पेटी काय करते?

या पेटीला 'स्विच' म्हणतात. दिवा लावायच्या बटणाशी तिचा संबंध नाही. तिला आठ, चोवीस किंवा अठ्ठेचाळीस खाचा असतात. एका खाचेला 'पोर्ट' म्हणतात. प्रत्येक पोर्टात एका संगणकाची, किंवा दुसऱ्या एखाद्या स्विचची, वायर खोचलेली असते. स्विचचे काम पोस्टमनसारखे आहे. एका पोर्टातून निरोप आला, की तो कोणासाठी आहे हे पाहायचे आणि योग्य त्या पोर्टातून पुढे सोडायचा.

पण कोणता संगणक कोणत्या पोर्टावर आहे हे त्याला कसे कळते? हे त्याला कोणी सांगितलेले नसते. प्रत्येक निरोपावर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो. निरोप ज्या पोर्टातून आला, त्या पोर्टापुढे स्विच तो पत्ता आपल्या वहीत टिपून घेतो. पुढे त्या पत्त्यासाठी काही आले, की वही पाहून नेमके त्याच पोर्टातून सोडतो. पत्ता वहीत नसेल, तर निरोप ज्या पोर्टातून आला ते सोडून बाकी सर्व पोर्टांतून पाठवतो. काही निरोप तर मुळातच सर्वांसाठी असतात. गावात दवंडी पिटावी तसे. अशी दवंडी स्विच नेहमीच सर्व पोर्टांतून पुढे सोडतो.

या यंत्राला भारतीय नावाचा धागा जोडलेला आहे, हे जाता जाता सांगायला हरकत नाही. इथरनेट जाळ्यासाठी पहिला स्विच १९९० साली बाजारात आणणाऱ्या अमेरिकेतील कंपनीचे नाव होते 'कल्पना'. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर हे तिचे संस्थापक. पुढे १९९४ मध्ये सिस्को या कंपनीने ती विकत घेतली.

न संपणारे रिंगण

आता एक काल्पनिक जाळे घेऊ. समजा, बारामती, भिगवण आणि इंदापूर या तीन गावी एकेक स्विच आहे. बारामती आणि इंदापूर यांना थेट जोडणारी एक वायर आहे. पण ती तुटली तर? म्हणून बारामती ते भिगवण आणि भिगवण ते इंदापूर अशा आणखी दोन वायरी टाकल्या. आता कोणतीही एक वायर तुटली, तरी दुसऱ्या बाजूने वळसा घालून निरोप जाईल. शहाणपणाची योजना आहे, नाही का?

पण जरा थांबा. बारामतीच्या एका संगणकाने दवंडी दिली. बारामतीच्या स्विचने ती इंदापूरकडे सोडली आणि भिगवणकडेही सोडली. इंदापूरच्या स्विचला ती मिळाली. ती दवंडी असल्यामुळे त्याने ती आपल्या संगणकांना दिली, आणि भिगवणकडेही पाठवली. तिकडे भिगवणने आपल्याला मिळालेली प्रत इंदापूरकडे पाठवली. दोन प्रती उलट-सुलट दिशांनी फिरत बारामतीला परत आल्या. बारामतीच्या स्विचला त्या ओळखू आल्या का? मुळीच नाही. ही दवंडी आपण मघाशी ऐकली होती, असे त्याच्या वहीत कुठेच लिहिलेले नसते. त्याने त्या नव्या समजून पुन्हा पुढे सोडल्या.

तुकोबारायांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे निघाली, की काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते आणि बेलवाडीला गोल रिंगण होते. रिंगण ठरलेल्या फेऱ्या झाल्या की थांबते. आपल्या तीन स्विचांमधले हे रिंगण मात्र कोणी वायर उपटेपर्यंत थांबत नाही. इंटरनेटवर दूर जाणाऱ्या निरोपावर एक आकडा असतो. तो प्रत्येक टप्प्यावर एकाने कमी होतो आणि शून्य झाला की निरोप टाकून दिला जातो. स्विच ज्या पातळीवर काम करतो, तेथल्या निरोपावर असा आकडाच नसतो. त्यामुळे निरोप म्हातारा होत नाही आणि मरतही नाही.

तीन स्विचांऐवजी चार स्विच घेतले आणि प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडले, तर प्रकरण आणखी हाताबाहेर जाते. पहिला स्विच तीन प्रती पाठवतो. ज्याला प्रत मिळते, तो ती उरलेल्या दोघांना पाठवतो. म्हणजे प्रत्येक टप्प्याला प्रती दुप्पट होतात: ३, ६, १२, २४... बुद्धिबळाच्या पटावरच्या गव्हाच्या दाण्यांची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. येथेही तसेच होते. वीस वेळा दुप्पट झाल्यावर प्रती होतील ३१ लाख ४५ हजार ७२८. आणि एक टप्पा म्हणजे सेकंदाचा काही लाखावा भाग! सेकंदाला दहा कोटी बिट वाहून नेणाऱ्या वायरीतून लहानांत लहान निरोप सेकंदाला फार तर १ लाख ४८ हजार जाऊ शकतात. ही मर्यादा डोळ्याचे पाते लवायच्या आत गाठली जाते. वायरी तुडुंब भरतात आणि खऱ्या निरोपाला जागाच उरत नाही. शिवाय एकाच पत्त्याचा निरोप कधी या पोर्टातून तर कधी त्या पोर्टातून येऊ लागल्याने स्विचच्या वहीतही गोंधळ माजतो. याला 'ब्रॉडकास्ट स्टॉर्म', म्हणजे दवंड्यांचे वादळ, असे म्हणतात.

पेच असा आहे, की जादा वायर नसेल तर एक वायर तुटताच गाव तुटते, आणि जादा वायर असेल तर वेढा तयार होऊन सारे जाळेच कोलमडते.

कालव्याकडून शिकण्यासारखे

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या मुलांना वेढा नसलेल्या जाळ्याचा उत्तम नमुना घराजवळच पाहायला मिळतो. तो म्हणजे नीरा डावा कालवा. मुख्य कालव्याला वितरिका फुटतात, वितरिकांना चाऱ्या फुटतात आणि चारीचे पाणी शेतात जाते. नकाशा काढला तर तो आडव्या झाडासारखा दिसतो. खोड, फांद्या, डहाळ्या, पाने. कोणत्याही शेतापासून कालव्याच्या मुखापर्यंत जायला एकच वाट असते. म्हणून पाणी गोल फिरत बसत नाही. पण वरच्या अंगाला कालवा फुटला, तर टेलच्या शेतकऱ्याला पाणी मिळत नाही. झाडाचा गुण आणि दोष दोन्ही यात आले.

गणितातही अशा आकृतीला 'वृक्ष' असेच म्हणतात. सर्व बिंदू एकमेकांशी जोडलेले, पण वेढा एकही नाही, ती आकृती म्हणजे वृक्ष. जाळ्यातल्या काही रेषा सोडून दिल्या आणि उरलेल्या रेषांचा, सर्व बिंदूंना कवेत घेणारा, वृक्ष राहिला, तर त्याला 'स्पॅनिंग ट्री' म्हणतात. किती रेषा सोडाव्या लागतील? बिंदू न असतील, तर वृक्षात रेषा नेहमी न − १ असतात. म्हणून एकूण रेषा र असतील, तर सोडायच्या रेषा र − न + १. आपल्या तीन गावांच्या जाळ्यात ३ − ३ + १ = १. चार स्विचांच्या जाळ्यात ६ − ४ + १ = ३.

हे सूत्र भौतिकीच्या विद्यार्थ्यांना परके नाही. विद्युत-मंडलाचे नियम ज्यांच्या नावाने आपण शिकतो, त्या गुस्ताफ किर्खोफ यांनी १८४७ साली मंडलातले स्वतंत्र वेढे मोजण्यासाठी हाच विचार मांडला होता.

विजेच्या वितरणात वेढ्याचा पेच सोडवायची एक युक्ती फार दिवस वापरात आहे. वीजवाहिनीचा पूर्ण वेढा टाकतात, पण त्यातला एक स्विच (हा मात्र खरोखरच विजेचा) मुद्दाम उघडा ठेवतात. एके ठिकाणी बिघाड झाला, की तो भाग वेगळा काढून हा उघडा स्विच बंद करतात आणि दुसऱ्या बाजूने वीज देतात. म्हणजे तारा वेढ्याच्या, पण वापर झाडासारखा. संगणकाच्या जाळ्यातही नेमके हेच करायचे आहे. फरक एवढाच, की हे काम माणसाने खांबावर चढून करायचे नाही. स्विचांनी आपसांत बोलून, आपले आपण करायचे आहे.

राडिया पर्लमन यांची युक्ती

ही युक्ती शोधली राडिया पर्लमन या अमेरिकन संगणक-शास्त्रज्ञ बाईंनी. त्या तेव्हा डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत काम करत होत्या. १९८५ साली त्यांचा यावरील निबंध प्रसिद्ध झाला. निबंधाच्या सुरुवातीला त्यांनी या झाडावर स्वतः रचलेली एक छोटी गमतीदार कविताही घातली आहे! १९९० मध्ये ही पद्धत आय-ट्रिपल-ई या संस्थेच्या प्रमाणांत समाविष्ट झाली.

पद्धत थोडक्यात अशी. प्रत्येक स्विचला एक ओळख-क्रमांक असतो. सुरुवातीला प्रत्येक स्विच "मीच मूळ" असे जाहीर करतो. पण आपल्यापेक्षा लहान क्रमांकाची घोषणा कानावर आली, की तो आपला हक्क सोडतो आणि त्या लहान क्रमांकाचीच घोषणा पुढे देऊ लागतो. अशा रीतीने सर्वांत लहान क्रमांकाचा स्विच 'मूळ' ठरतो. मग प्रत्येक स्विच मुळापर्यंत जाणारी सर्वांत स्वस्त वाट निवडतो. वायर जितकी वेगवान, तितकी तिची किंमत कमी. ज्या वायरी कोणाच्याच वाटेत येत नाहीत, त्यांच्या एका टोकाचे पोर्ट अडवले जाते. या घोषणा दर दोन सेकंदांनी चालूच राहतात. त्यांना 'बीपीडीयू' म्हणतात. आपण त्यांना 'हाळी' म्हणू.

आपल्या तीन गावांत बारामतीचा क्रमांक सर्वांत लहान आहे असे समजा. बारामती–इंदापूर ही थेट वायर दहा कोटी बिटांची आहे. प्रमाणात दिलेल्या कोष्टकाप्रमाणे तिची किंमत १९. बारामती–भिगवण आणि भिगवण–इंदापूर या वायरी शंभर कोटी बिटांच्या, म्हणून त्यांची किंमत प्रत्येकी ४. आता इंदापूरने कोणती वाट घ्यावी? थेट वाटेला १९ पडतात. भिगवणवरून ४ + ४ = ८. इंदापूर भिगवणची वाट घेते आणि थेट वायरीच्या आपल्याकडच्या टोकाचे पोर्ट अडवून ठेवते. अंतर जास्त असले तरी हमरस्त्याने लवकर पोचतो, तसाच हा प्रकार. थेट वायर तुटलेली नाही, ती राखीव आहे.

तीस सेकंदे कशासाठी?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समजा, इंदापूर–भिगवण वायर तुटली. इंदापूरला ते लगेच कळते आणि राखीव पोर्ट उघडायचे ठरते. पण लगेच उघडले तर? जाळे मोठे असेल, तर दूरच्या एखाद्या स्विचला बदल अजून कळलेलाच नसेल. त्याचे जे पोर्ट आता अडवायला हवे, ते अजून उघडेच असेल. क्षणभर दोन्ही उघडी राहिली, की वेढा पुरा होतो आणि वादळ सुरू होते. उलट दोन्ही क्षणभर बंद राहिली, तर थोडा वेळ निरोप थांबतात, एवढेच. म्हणून नियम असा केला, की उघडण्याची घाई करायची नाही.

पोर्ट उघडण्यापूर्वी स्विच पंधरा सेकंदे नुसता ऐकत बसतो. हाळी येते का, कोठून येते, पलीकडे मुळाकडे जाणारी याहून चांगली वाट आहे का, हे तो पाहतो. पुढची पंधरा सेकंदे तो येणाऱ्या निरोपांवरचे पत्ते वहीत टिपतो, पण निरोप पुढे सोडत नाही. दार उघडल्यावर प्रत्येक निरोप दवंडीसारखा सगळीकडे पाठवावा लागू नये, हा त्यातला हेतू. १५ + १५ = ३०. हीच ती तीस सेकंदे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जास्तीत जास्त सात स्विच असतील, हाळी वाटेत हरवूही शकेल, असे धरून हे आकडे ठरवलेले आहेत.

बिघाड दूर असेल, तर वेळ आणखी वाढतो. बारामती–भिगवण वायर तुटली असे समजा. इंदापूरच्या आपल्या वायरी तर शाबूत दिसतात. भिगवणकडून पूर्वी मिळालेली मुळाची माहिती जुनी झाली, असे मानायला इंदापूर वीस सेकंदे थांबते. त्यानंतर तीस. एकूण पन्नास सेकंदे!

संगणकाची अडचण

हे सारे दोन स्विचांमधल्या वायरीसाठी योग्य आहे. पण स्विचच्या पोर्टात वायर खोचली, की पलीकडे स्विच आहे की साधा संगणक, हे त्याला ठाऊक नसते. तो प्रत्येक पोर्टाकडे संशयाने पाहतो आणि तुमच्या संगणकालाही तीस सेकंदे बाहेर उभा करतो.

संगणक सुरू होताच त्याला जाळ्यातला आपला पत्ता हवा असतो. तो 'डीएचसीपी' या पद्धतीने "मला पत्ता द्या" अशी दवंडी देतो. उत्तर आले नाही, तर प्रमाणात सुचवल्याप्रमाणे तो साधारण ४ सेकंदांनी पुन्हा विचारतो, मग ८ सेकंदांनी, मग १६, मग ३२. म्हणजे तो केव्हा केव्हा विचारतो? ० ला, ४ ला, १२ ला आणि २८ व्या सेकंदाला. चारही वेळा दार बंद! ते उघडते ३० व्या सेकंदाला. आणि संगणक पुढचा प्रश्न विचारतो ६० व्या सेकंदाला. अवघ्या दोन सेकंदांची चुकामूक झाली आणि तीस सेकंदांची वाट दुप्पट झाली. सगळेच संगणक इतका धीर धरतात असेही नाही. काही जण मध्येच कंटाळून १६९.२५४ ने सुरू होणारा एक तात्पुरता पत्ता स्वतःच घेऊन बसतात. त्या पत्त्याने बाहेरच्या जाळ्याशी बोलता येत नाही. स्वतःची डिस्क नसलेले, जाळ्यावरूनच सुरू होणारे संगणक तर सुरूच होत नाहीत. दिवा हिरवा होऊनही जोडणी का मिळत नाही, याचे एक मोठे कारण आता तुमच्या लक्षात आले असेल.

कडेचे पोर्ट

झाडाकडे पुन्हा पाहा. संगणक हे झाडाचे पान आहे. पानाला पुढे फांदी फुटत नाही. म्हणून एका पोर्टावर एकच संगणक असेल, तर त्या पोर्टातून वेढा होण्याचा संभवच नाही. मग तेथे थांबायचे कशाला?

म्हणूनच स्विचवर एक सेटिंग असते. ज्या पोर्टावर संगणक किंवा छपाईयंत्रच असणार, ते 'कडेचे पोर्ट' आहे असे जाळे सांभाळणारा माणूस स्विचला सांगून ठेवतो. प्रमाणात त्याला 'एज पोर्ट' म्हणतात, तर सिस्कोच्या स्विचवर याच सोयीचे नाव 'पोर्टफास्ट' आहे. हे सेटिंग असले, की वायर लागताच पोर्ट ऐकणे आणि टिपणे हे दोन्ही टप्पे ओलांडून थेट उघडते. संगणकाची पहिलीच दवंडी पोचते. तीस सेकंदांचे काम क्षणात होते.

दुसराही एक फायदा आहे. साध्या पोर्टावरचा संगणक चालू किंवा बंद झाला, की स्विच "झाड बदलले" अशी वर्दी देतो, आणि जाळ्यातले सारे स्विच आपल्या वहीतले पत्ते लवकर पुसू लागतात. चाळीस संगणक एकदम सुरू झाले तर अशा चाळीस वर्द्या! कडेच्या पोर्टातून अशी वर्दी जात नाही.

पण एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. या सेटिंगने तारेतला वेग तसूभरही वाढत नाही. आपण फक्त स्विचला हमी देतो, की या दाराबाहेर एकटा संगणकच आहे. हमी खोटी ठरली तर? कोणी त्या जागी दुसरा स्विच आणून जोडला, किंवा एकाच वायरीची दोन्ही टोके भिंतीवरच्या दोन खाचांत खोचली, तर दार आधीच उघडे असल्याने वादळाला वाट मिळते. यासाठी सोबत 'बीपीडीयू गार्ड' नावाचा पहारेकरी ठेवतात. संगणक कधी हाळी देत नाही. स्विचच देतो. म्हणून कडेच्या पोर्टावर हाळी ऐकू आली, की पहारेकरी ते पोर्ट तत्काळ बंदच करून टाकतो. लवकर उघडणारे दार आणि जागा पहारेकरी, ही जोडी एकत्रच हवी. वाट पाहण्याचा कंटाळा आला म्हणून झाडाची पद्धतच सबंध स्विचवर बंद करणे, हा मात्र अविचार होय.

विचारून पुढे जाणे

दोन स्विचांमधली तीस सेकंदे वाचवता येतील का? त्याचेही उत्तर निघाले आहे. २००१ मध्ये 'रॅपिड स्पॅनिंग ट्री' ही सुधारित पद्धत प्रमाण म्हणून आली, आणि २००४ च्या प्रमाणात जुन्या पद्धतीची जागा तिने घेतली. तिचे तत्त्व सोपे आहे. घड्याळाकडे पाहत बसण्यापेक्षा शेजाऱ्याला सरळ विचारावे. एक स्विच म्हणतो, "मी हे दार उघडू का?" शेजारी आधी आपली पुढची दारे लावून घेतो आणि म्हणतो, "खुशाल उघड." मग तोच प्रश्न तो आपल्या पुढच्याला विचारतो. अशी संमती टप्प्याटप्प्याने पुढे सरकते, आणि ज्याला पन्नास सेकंदे लागत, ते काम बहुधा सेकंदभरात उरकते. शिवाय राखीव वाट कोणती हे प्रत्येक स्विचला आधीच माहीत असते. आपल्या उदाहरणात भिगवणची वायर तुटताच इंदापूर थेट वायर लगेच वापरू लागेल.

येथे एक गंमत आहे. संगणकाला असा प्रश्न विचारला, तर तो काय उत्तर देणार? त्याला ही भाषाच येत नाही. उत्तर येत नाही म्हणून अनेक स्विच पुन्हा जुन्या तीस सेकंदांच्या घड्याळावर येतात. काही स्विच थोडा वेळ हाळी आली नाही, की हे कडेचे पोर्ट असावे असा तर्क करतात. तरीही नव्या पद्धतीत कडेची पोर्टे नेमून देणे आवश्यकच मानले जाते.

बोस्टनचा धडा

या आकड्यांमागे खरोखरच काही असते का, असे कोणी विचारील. नोव्हेंबर २००२ मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरात बेथ इस्राएल डीकनेस या मोठ्या रुग्णालयाचे संगणक-जाळे कोलमडले. जाळे वर्षानुवर्षे तुकड्या-तुकड्यांनी वाढत गेले होते, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात टप्प्यांची मर्यादा ओलांडली गेली होती. निरोपांचा मोठा लोंढा आला, तेव्हा झाड टिकले नाही आणि वेढे तयार झाले. सुमारे चार दिवस तेथील डॉक्टरांना आणि परिचारिकांना संगणक बाजूला ठेवून कागदावर काम करावे लागले. रक्ताच्या तपासणीचे अहवाल माणसांनी हातांत घेऊन धावत पोचवले. त्या रुग्णालयाने पुढे ही हकीकत लपवून न ठेवता जाहीरपणे सांगितली. म्हणूनच जाळ्यांच्या अभ्यासक्रमांत आज ती शिकवली जाते.

करून पाहा

शाळेच्या पटांगणात हा प्रयोग अवश्य करा. सात मुलांनी गोल उभे राहावे. प्रत्येकाने आपला हजेरी-क्रमांक कागदावर लिहून छातीला लावावा. शिक्षकांनी नऊ सुतळ्या घेऊन, वाटेल तशा पण कोणी सुटणार नाही अशा बेताने, मुला-मुलांमध्ये धराव्यात. सुतळीने जोडलेले ते शेजारी. आता शिक्षकांनी दर दोन सेकंदांनी एक टाळी वाजवावी. प्रत्येक टाळीला प्रत्येकाने आपण आजवर ऐकलेला सर्वांत लहान क्रमांक फक्त शेजाऱ्यांना सांगावा. किती टाळ्यांनंतर सर्वांच्या तोंडी एकच क्रमांक आला, ते फळ्यावर लिहा.

मग मूळ ठरलेला मुलगा किंवा मुलगी सोडून प्रत्येकाने, ज्या सुतळीने तो क्रमांक प्रथम आला तीच हाताला बांधावी. दोन बाजूंनी एकदम आला असेल, तर लहान क्रमांकाच्या शेजाऱ्याची सुतळी निवडावी. कोणीच न बांधलेल्या सुतळ्या जमिनीवर ठेवाव्यात. किती उरल्या? ९ − ७ + १ = ३ उरायला हव्यात. बांधलेल्या सुतळ्यांवरून बोट फिरवत जा. कोठेही वेढा सापडणार नाही.

आता शिक्षकांनी एक बांधलेली सुतळी गुपचूप सोडावी. ज्याचा संबंध तुटला, त्याने जमिनीवरची एखादी सुतळी लगेच उचलली तर काय होते, आणि सर्वांपर्यंत बातमी पोचेपर्यंत थांबून उचलली तर काय होते, हे दोन्ही करून पाहा. सुतळीच्या टोकाला नुसती एखादी पिशवी बांधली असेल, तर तिच्यासाठी थांबायची गरज आहे का, याचाही विचार करा.

शेवटी दोन प्रश्न तुमच्यासाठी ठेवतो. पहिला: तीन बिंदूंना कवेत घेणारे वेगवेगळे वृक्ष ३ होतात आणि चार बिंदूंचे १६. पाच बिंदूंचे किती होतील? काढून पाहा आणि त्यात काही नियम दिसतो का ते शोधा. दुसरा: आपल्या तीन गावांच्या जाळ्यात बारामतीऐवजी इंदापूर मूळ ठरले, तर कोणती वायर राखीव राहील? कागद-पेन्सिल घ्या, आकडेमोड करा, आणि उत्तर मिळाले की शाळेच्या संगणक-कक्षातल्या त्या नारिंगी दिव्याकडे एकदा पाहून या. त्याचा अर्थ आता तुम्हाला सांगता येईल.